पावलांच्या मागापासून चलच्चित्रापर्यंत : चालीवरून ओळख पटविण्याचा इतिहास (शिरूर व दौंड परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना :
माणूस जसा चेहऱ्यावरून तसाच चालीवरूनही ओळखता येतो, हा लोकव्यवहारातील नित्याचा अनुभव आहे. अलीकडे सीसीटीव्ही चित्रणातील चालीचे मोजमाप करून ओळख पटविण्याचे प्रयत्न होत आहेत. हे तंत्र नवे असले तरी त्यामागील प्रश्न जुना आहे. चालण्याच्या खुणेवरून एखाद्याला दोषी ठरवावयाचे, तर ती खूण इतरांना कशी पटवून द्यावयाची? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

ग्रामव्यवस्थेतील माग :
शिरूर व दौंड हे भीमा आणि घोड नद्यांच्या खोऱ्यातील तालुके पेशवाईच्या मुलखात मोडत. या मुलखात चोरी झाल्यास पावलांचा माग काढणे हे गावच्या रखवालदाराचे कर्तव्य असे. पुणे प्रांतात हे काम बहुधा रामोशी समाजाकडे होते. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ च्या अहवालात या पद्धतीचे वर्णन केले आहे. माग शेजारच्या गावात गेल्यास तेथील रखवालदाराची खात्री पटवावी लागे. त्यानंतरच पहिल्याची जबाबदारी संपे आणि दुसऱ्याने पुढचा शोध घ्यावयाचा असे. ज्या गावापर्यंत माग निश्चितपणे पोहोचे, ते गाव जबाबदार ठरे. म्हणजेच खुणेचा अर्थ एकट्याने लावून भागत नसे. ज्याच्यावर जबाबदारी येणार, त्यानेच ती खूण तपासलेली असे.

या कौशल्याचे धनी असलेल्या रामोशी समाजाकडेच पुढे ब्रिटिश प्रशासनाने संशयाने पाहिले. स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रात त्यांची गणना विमुक्त जातींत झाली.

कॅमेऱ्याचे आगमन :
पाऊलखूण ही चालण्याचा केवळ अवशेष होय. प्रत्यक्ष हालचाल टिपणे कॅमेऱ्यामुळे शक्य झाले. १८७८ मध्ये मायब्रिज याने घोड्याच्या चालीची छायाचित्रमालिका घेतली, तर १८८२ मध्ये मारे याने छायाचित्रक बंदूक सिद्ध केली. ब्राउने व फिशर यांनी १८९५ पासून मानवी चालीचे गणिती विश्लेषण प्रसिद्ध केले. व्हिडिओ व संगणक यांमुळे पावलाची लांबी, वेग, कंबर व गुडघ्याचे कोन मोजणे सुकर झाले. याचा उपयोग प्रथम मुख्यतः वैद्यकीय उपचारांत झाला. लंडनच्या न्यायालयात २००० मध्ये चालीचा पुरावा मांडला गेला. भारतात बंगळूर येथील पत्रकार गौरी लंकेश यांच्या २०१७ मधील हत्येच्या तपासात या तंत्राचा वापर झाला.

मर्यादा व कायदा :
प्रयोगशाळेत प्रकाश, अंतर व कॅमेऱ्याचा कोन निश्चित असतो. रस्त्यावरील चित्रणात तो नसतो. पादत्राणे, डोक्यावरील ओझे, उतार, थकवा यांनी चाल बदलते. लंडनच्या रॉयल सोसायटीने एडिंबरो येथील संस्थेसह २०१७ मध्ये न्यायाधीशांसाठी काढलेल्या पुस्तिकेत या तंत्राचा शास्त्रीय आधार अत्यंत मर्यादित असल्याचे नमूद केले. एखादी लकब समाजात किती जणांत आढळते याची विश्वसनीय आकडेवारी नसेल, तर साम्य दिसले तरी त्याचे वजन ठरविता येत नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रीतम सिंग खटल्यात (१९५६) पाऊलखुणांचे शास्त्र प्राथमिक अवस्थेत असल्याचे सांगून तिला केवळ पूरक पुराव्याचे स्थान दिले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तज्ज्ञांच्या मताची कक्षा विस्तारली आहे. त्यामुळे ही सावधगिरी अधिकच आवश्यक ठरते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्यातील स्वारगेट बसस्थानकातील गुन्ह्याच्या तपासात सीसीटीव्ही चित्रणाचे साहाय्य झाले. संशयिताचा शोध मात्र शिरूर तालुक्यातील गुनाटच्या शिवारात श्वानपथक, ड्रोन व गावकऱ्यांच्या मदतीने घ्यावा लागला. यंत्र आले तरी शिवाराची जाण असलेल्या माणसांचे स्थान संपले नाही.

निष्कर्ष :
मागाची विश्वासार्हता केवळ माग काढणाऱ्याच्या नजरेत नव्हती; शिवेवर दुसऱ्याने तो तपासून स्वीकारण्यात होती. कॅमेऱ्याने नजर तीक्ष्ण केली, परंतु ती शीव पुसून टाकता कामा नये. चित्रण, मोजमापाची पद्धत व चुकीची शक्यता बचावपक्षाच्या तज्ज्ञालाही तपासता आली पाहिजे. अन्यथा एका समाजावर पूर्वी बसलेला संशयाचा शिक्का उद्या कोणाच्याही चालीवर बसू शकेल.