एकगठ्ठा मतांचा समाज? मॉर्मन लोकांच्या राजकारणाची गोष्ट

निवडणूक जवळ आली की आमच्या धंद्यात एक वाक्य बिनधास्त फेकलं जातं : "त्या समाजाची मतं एकगठ्ठा जाणार." सांगणारा ठामपणे सांगतो, ऐकणारा मान डोलावतो, आणि दुसऱ्या दिवशी ते छापूनही येतं. ही खोड फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत मॉर्मन लोकांबद्दल हे अगदी सहज बोललं जातं. युटा राज्य, मोठी कुटुंबं, दारू-चहा-कॉफी वर्ज्य आणि मत रिपब्लिकन पक्षाला. विषय संपला!

पण यांचा इतिहास वाचायला घेतला की हा गठ्ठा सुटत जातो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. आपल्याला चालतो.

थोडक्यात ओळख. जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात हा पंथ स्थापन केला. शेजाऱ्यांशी कुठेच पटेना. १८३८ मध्ये मिसुरीच्या गव्हर्नरने तर यांना राज्यातून हुसकून लावा, नाहीतर संपवा, असा लेखी हुकूम काढला. १८४४ मध्ये स्मिथ स्वतः राष्ट्राध्यक्षपदाला उभे होते, त्याच वर्षी इलिनॉयच्या एका तुरुंगात जमावाने त्यांना गोळ्या घातल्या. मग ब्रिगम यंग उरलेल्यांना घेऊन १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात आले.

आता गंमत बघा. आज ज्या रिपब्लिकन पक्षाशी मॉर्मनांचं नाव जोडलं जातं, त्याच पक्षाने १८५६ च्या आपल्या पहिल्या राष्ट्रीय जाहीरनाम्यात गुलामगिरी आणि बहुपत्नीत्व यांना रानटीपणाचे जुळे अवशेष म्हटलं होतं. यातला दुसरा बाण थेट मॉर्मनांवर होता. पुढे त्यांच्याविरुद्ध एकामागून एक कायदे झाले. १८७० पासून युटातल्या स्त्रियांना मतदानाचा हक्क होता, तोही १८८७ च्या कायद्याने काढून घेतला.

या काळात मॉर्मन खरोखरच एकगठ्ठा मत देत. त्यांचा स्वतःचा 'पीपल्स पार्टी' नावाचा पक्ष होता आणि समोर बिगर-मॉर्मनांचा 'लिबरल पार्टी'. म्हणजे युटाचं राजकारण धर्मावरच उभं. माझ्या मते हा गठ्ठा धर्मग्रंथाने बांधला नव्हता, तो वेढ्याने बांधला होता. चहूबाजूंनी घेरलेली माणसं एकत्र राहतातच.

वेढा उठला तसा गठ्ठा सुटला. १८९० मध्ये चर्चने नव्या बहुपत्नी विवाहांना पाठिंबा थांबवत असल्याचं जाहीर केलं, १८९१ मध्ये पीपल्स पार्टी विसर्जित झाली. युटाला राज्याचा दर्जा हवा होता आणि त्यासाठी वॉशिंग्टनमध्ये दोन्ही पक्ष सांभाळणं भाग होतं. अडचण अशी, की बहुतेक मॉर्मनांचा ओढा डेमोक्रॅट पक्षाकडे. सगळे तिकडे गेले तर रिपब्लिकन बिथरणार. मग चर्चच्या पुढाऱ्यांनीच काहींना रिपब्लिकन व्हायला सांगितलं. एक आख्यायिका अशी, की काही गावांत बिशपने प्रार्थनागृहातल्या मधल्या वाटेकडे बोट दाखवून 'या बाजूचे डेमोक्रॅट, त्या बाजूचे रिपब्लिकन' असं वाटपच करून टाकलं. खरं-खोटं देव जाणे, पण ती टिकली यातच सगळं आलं.

१८९६ मध्ये युटा राज्य झालं, बायकांचा मताधिकारही परत आला. त्याच वर्षी राज्य सिनेटच्या निवडणुकीत मार्था ह्यूज कॅनन या डॉक्टरीणबाई डेमोक्रॅट म्हणून उभ्या राहिल्या. त्याच निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवारांच्या यादीत कोण? त्यांचे यजमान अँगस कॅनन! बाई त्यांच्या चौथ्या पत्नी. बाई निवडून आल्या, यजमान पडले. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्य सिनेटवर निवडून आलेली ती पहिली स्त्री. एकाच घरात दोन पक्ष, तेही १८९६ साली.

खरा धडा मात्र १९३० च्या दशकात आहे. मंदीत युटाच्या खाणी बसल्या, शेतमालाचे भाव कोसळले, जवळपास तीनातला एक कामगार बेकार. चर्चचे अध्यक्ष हीबर ग्रँट मूळचे डेमोक्रॅट, पण रूझवेल्ट यांच्या सरकारी मदत योजना त्यांना अजिबात पसंत नव्हत्या. माणूस आळशी होतो, असं त्यांचं मत. १९३३ मध्ये दारूबंदी उठवायचा प्रश्न आला. चर्चचा दारूला सक्त विरोध, आणि बंदी उठवायला लागणारी ३६ वी मंजुरी दिली कुणी? युटाने! १९३६ मध्ये चर्चने स्वतःची मदत योजना सुरू केली आणि निवडणुकीच्या तोंडावर चर्चच्या मालकीच्या 'डेझरेट न्यूज'ने पहिल्या पानावर रूझवेल्टविरोधी अग्रलेख छापला. निकाल लागला तेव्हा युटात रूझवेल्ट यांना ६९ टक्के मतं होती. रविवारी ज्यांच्यापुढे मान लववायची, मंगळवारी त्यांच्याविरुद्ध शिक्का मारायचा. पोटाचा प्रश्न होता ना.

मग आजचं रिपब्लिकन युटा कुठून आलं? १९६४ नंतर राष्ट्राध्यक्षपदासाठी युटाने डेमोक्रॅट उमेदवार निवडलेला नाही हे खरं. गर्भपात, स्त्रियांच्या समान हक्कांची घटनादुरुस्ती यांवर चर्चने ठाम बाजू घेतली, तिचा वाटा आहेच. पण नकाशाही बघा. युटाची जवळपास दोन तृतीयांश जमीन केंद्र सरकारच्या ताब्यात आहे. गुरं कुठे चारायची, खाण कुठे काढायची, हे हजारो मैलांवरून ठरतं. हा राग शेजारच्या वायोमिंगमध्येही आहे, आणि तिथे मॉर्मन अल्पसंख्य आहेत. आणि चर्च तरी प्रत्येक वेळी पक्षाच्या मागे कुठे होतं? १९८१ मध्ये युटा-नेवाडाच्या वाळवंटात एमएक्स अण्वस्त्रं ठेवायला चर्चने जाहीर विरोध केला. तेव्हा सरकार रेगन यांचं होतं.

स्थलांतरितांचा प्रश्न आला तेव्हा तर एकाच चर्चची माणसं समोरासमोर उभी राहिली. २०१० मध्ये ॲरिझोनाने कागदपत्रांशिवाय राहणाऱ्यांविरुद्धचा कडक कायदा केला, त्याचे मुख्य कर्ते रसेल पिअर्स मॉर्मन. त्याच वर्षी युटात व्यापारी, धर्मगुरू, पुढारी यांनी नरमाईची भूमिका घेणारा 'युटा कॉम्पॅक्ट' मांडला आणि मॉर्मन चर्चने त्याबद्दल चांगले शब्द काढले. युटातली कितीतरी पोरं धर्मप्रचारासाठी दोन वर्षं लॅटिन अमेरिकेत राहून, स्पॅनिश शिकून आलेली असतात, त्याचा परिणाम होणारच. पण अशी पोरं ॲरिझोनातही आहेत! तिथे सरहद्द दाराशी आहे, भीतीचं राजकारण जवळचं आहे. २०११ मध्ये पिअर्स यांना मतदारांनी मुदतीआधीच परत बोलावलं. हे घडलं मॉर्मनांनीच वसवलेल्या मेसा शहरात, आणि हरवणारे जेरी लुइस हेही मॉर्मन, तेही रिपब्लिकन.

२०१२ मध्ये मिट रॉम्नी राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले तेव्हा त्यांच्यावर तुटून पडणारे सिनेटमधले डेमोक्रॅट नेते हॅरी रीड. दोघेही मॉर्मन. रॉम्नींचे वडील मिशिगनचे गव्हर्नर, मोटार कंपनीचे प्रमुख. रीड नेवाडातल्या सर्चलाइट या खाणवस्तीत वाढले, वडील खाणकामगार, आणि मॉर्मन झाले ते कॉलेजात असताना. पुस्तक एकच, पण वाचणारे दोन वेगळ्या घरांतून आले होते. समुद्रापलीकडे तर आणखीच वेगळं. ब्रिटिश संसदेतले पहिले मॉर्मन खासदार टेरी रूनी मजूर पक्षाचे, लोकरीच्या गिरण्यांच्या ब्रॅडफर्डमधून १९९० मध्ये निवडून आलेले. कम्युनिस्ट पूर्व जर्मनीत १९८५ मध्ये फ्रायबर्गला मॉर्मन मंदिर उभं राहिलं, तेही सरकारच्या संमतीने.

२०१६ मध्ये ट्रम्प युटात जिंकले, पण मतं ४५ टक्केच. त्यांच्या वागण्याबोलण्याचा वीट आलेल्या अनेकांनी इव्हन मॅकमुलिन या अपक्ष मॉर्मन उमेदवाराला मत दिलं, २१ टक्क्यांच्या वर. २०२३ मध्ये चर्चच्या सर्वोच्च नेतृत्वाने अमेरिकेतल्या सभासदांना पत्र लिहून सांगितलं, की निव्वळ परंपरा म्हणून एकाच पक्षाला सरसकट मत देऊ नका, उमेदवार बघा. पुढच्याच वर्षी युटाने ट्रम्प यांना ५९ टक्के मतं दिली.