कुरणातला मांडव : शेतजमीन, करसवलत आणि लग्नसोहळे

१/ कॅलिफोर्नियातील एखाद्या पशुपालकाने आपल्या कुरणावरच्या जुन्या कोठारात लग्नसमारंभांसाठी जागा भाड्याने द्यायचे ठरवले, तर जमीन स्वतःची असूनही त्याला बहुधा काउंटीची परवानगी घ्यावी लागते. असे का, हे समजून घेण्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागेल.

२/ १९२६ साली ओहायो राज्यातील युक्लिड गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘झोनिंग’ वैध ठरवले. कोणत्या पट्ट्यात घरे आणि कोणत्या पट्ट्यात कारखाने असावेत, हे ठरवण्याचा स्थानिक शासनाचा अधिकार मान्य झाला. शेतीसाठी राखलेले पट्टेही याच तत्त्वावर उभे आहेत.

३/ दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातील शहरे झपाट्याने पसरली. मालमत्ता कर बाजारभावाशी जोडलेला होता. शेजारी वसाहत उभी राहिली की शेतकऱ्याचे पीक तेच, उत्पन्न तेच. कर मात्र बिल्डरच्या भावाने! अनेकांपुढे जमीन विकण्यावाचून मार्ग उरला नाही.

४/ यावर तोडगा म्हणून १९६५ मध्ये विल्यमसन कायदा आला. मालकाने जमीन किमान १० वर्षे शेती वा कुरण म्हणून राखण्याचा करार करायचा. त्याची मुदत दरवर्षी आपोआप एका वर्षाने पुढे सरकते. मोबदल्यात कराची आकारणी जमिनीच्या शेती-उत्पन्नावर होते. म्हणजे ही सवलत दान नव्हे, दिलेल्या वचनाची किंमत आहे. लग्नमांडवाच्या वादाचे मूळ या वचनात आहे.

५/ नापा काउंटीचे उदाहरण बोलके आहे. १९६८ साली तेथे कृषी-राखीव क्षेत्र घोषित झाले आणि भूखंडाची किमान मर्यादा २० एकर ठरली. १९७९ मध्ये ती ४० एकर झाली. पुढे द्राक्षबागांपेक्षा पर्यटकच वरचढ होतील, अशी धास्ती निर्माण झाली. १९९० च्या नियमावलीने नव्या वाइनरींना ७५ टक्के द्राक्षे नापाचीच वापरण्याचे बंधन घातले. वाइनच्या प्रसारासाठी मर्यादित कार्यक्रम चालतील, भाड्याची लग्ने नाहीत, अशी रेघ ओढली गेली.

६/ शेजारच्या ओरेगनने दुसरी वाट धरली. तेथील २०११ च्या कायद्याने शेतीपट्ट्यात वर्षाला ६ पर्यंत आणि काही कठोर अटींवर १८ पर्यंत कार्यक्रमांना वाव दिला. मुख्य अट अशी की, कार्यक्रम शेतीला आनुषंगिक आणि दुय्यम असले पाहिजेत.

७/ पशुपालकाची बाजू खोटी नाही. दुष्काळ पडला, चारा महागला की गुरे विकावी लागतात. अशा वर्षी मांडवाचे भाडे वडिलोपार्जित कुरण वाचवू शकते. पण शेजाऱ्यांचीही बाजू आहे. अरुंद रस्ता, वणव्याचा हंगाम, रात्रीचे संगीत आणि पाहुण्यांच्या गर्दीशेजारी करावी लागणारी औषधफवारणी. शिवाय पाहुणे आत शिरताच बांधकाम नियमांच्या दृष्टीने कोठार हे कोठार राहत नाही, सभागृह ठरते. मग बाहेर पडण्याच्या वाटांचे आणि अग्निसुरक्षेचे नियम लागू होतात.

८/ माझ्या मते खरा पेच जमिनीच्या भावाचा आहे. कुरणाची किंमत गुरांच्या कमाईवरून न ठरता लग्नांच्या कमाईवरून ठरू लागली, तर पुढच्या पिढीतील तरुण पशुपालकाला ते विकत घेणे परवडणार नाही. म्हणजे १९६५ च्या कायद्याने ज्या संकटावर उपाय शोधला, तेच संकट वेगळ्या दाराने परत येईल.

९/ महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चा. त्यातील ‘बिगरशेती’ परवानगी आणि महामार्गालगतची मंगल कार्यालये व लॉन्स आपल्या परिचयाची आहेत. कायदे वेगळे, पण प्रश्न सारखाच. त्यामुळे ‘लग्नाला परवानगी द्यावी की नाही’ एवढेच विचारून भागत नाही. मांडव उतरल्यावर त्या जमिनीवर शेतीच मुख्य धंदा म्हणून उरते का, हे पाहावे लागते.