पंप मारणाऱ्याच्या रक्ताची तपासणी : नियम १९७१ चा



आमच्या रहिमतपूर भागात आलं, ऊस, सोयाबीन, सगळ्यावर फवारणी चालते. औषध हाताळणाऱ्याचं रक्त तपासायचा नियम देशात जुना आहे, पण आपल्यातल्या फार जणांना तो ठाऊक नाही. म्हणून हा थोडा इतिहास.

१९५८ साली केरळात जाणाऱ्या खाण्याच्या मालात वाहतुकीत पॅराथिऑन मिसळलं आणि शंभरावर माणसं दगावली. त्यानंतर १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम आले. त्यातला नियम ३७ असा : ऑर्गनोफॉस्फरस व कार्बामेट औषधांच्या कारखान्यातल्या कामगाराच्या रक्तातलं कोलिनेस्टरेज दर महिन्याला मोजायचं, आणि धंदा म्हणून फवारणी करणाऱ्याचं डॉक्टर सांगेल तेव्हा.

नस स्नायूला निरोप देते, तो निरोप वेळेवर पुसायचं काम हे कोलिनेस्टरेज करतं. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस ही औषधं त्यालाच बांधून ठेवतात. मग घाम, लाळ, उलट्या सुरू होतात, डोळ्याची बाहुली बारीक होते, शेवटी श्वास अडकतो.

आता यातली मेख. कोलिनेस्टरेज माणसागणिक कमी-जास्त असतं. एखाद्याचं तिसरा हिस्सा घटलं तरी रिपोर्ट 'नॉर्मल' येऊ शकतो. म्हणून फवारणीआधीचा आकडा हाताशी लागतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियानं १९७४ पासून हेच केलं. तांबड्या पेशीतलं कोलिनेस्टरेज स्वतःच्या आधीच्या आकड्याच्या ७० टक्क्यांवर उतरलं की तो माणूस त्या कामावरून बाजूला.

आपल्याकडं मात्र रोजंदारीचा गडी आणि स्वतःच्या रानात पंप मारणारा शेतकरी यांच्यापर्यंत हा नियम पोचलाच नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना २० हून जास्त जण गेले, शेकडो दवाखान्यात पडले. तेव्हा विशेष तपास पथकाला कोलिनेस्टरेज तपासणीची सोय करा, अशी शिफारस करावी लागली. नियमाला तोवर ४६ वर्षं झाली होती.

तर मंडळी, हंगामाआधी गड्याची ही तपासणी मालकानं आपल्या खर्चानं करावी, कागद जपून ठेवावा. सायपरमेथ्रीन, डायफेनथ्युरॉनचं विष या तपासणीत दिसत नाही, म्हणून त्रास झाला तर औषधाचं लेबल डॉक्टरला दाखवा. आणि रिपोर्टची वाट बघत घरी थांबू नका, आधी दवाखाना गाठा.