युद्धकालीन मुंबई बंदर व हौशी रंगीत चित्रण

व्यवसाय म्हणून नव्हे, तर छंद किंवा कौटुंबिक आठवण म्हणून खाजगी व्यक्तीने लहान मापाच्या रंगीत फिल्मवर घेतलेल्या चलच्चित्रणास हौशी रंगीत चित्रण म्हणता येईल. दुसऱ्या महायुद्धातील (१९३९–४५) बंदरे व शहरे यांच्या इतिहासाचे साधन म्हणून अशा चित्रणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले आहे. या साधनाचे मोल आणि त्याच्या मर्यादा मुंबई बंदर व त्याच्याशी व्यापाराने जोडलेला खानदेश यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होतात.

तांत्रिक पार्श्वभूमी : ईस्टमन कोडॅक कंपनीने १९२३ मध्ये १६ मिमी. रुंदीची, सहजी पेट न घेणारी फिल्म बाजारात आणली व १९३२ मध्ये ८ मिमी. फिल्म प्रचारात आली. कोडॅक्रोम ही रंगीत फिल्म १६ मिमी. मापात १९३५ मध्ये व ८ मिमी. मापात १९३६ मध्ये उपलब्ध झाली. कॅमेऱ्यात घातलेली फिल्मच संस्करणानंतर प्रक्षेपकावर दाखविता येई. परिणामी बहुतेक चित्रणांची मूळ प्रत एकच असते. फिल्मची प्रकाशसंवेदनक्षमता फारच कमी असल्याने भर उन्हातील दृश्येच नीट उमटत. गोदामांचे अंतर्भाग किंवा ब्लॅकआउटमधील रस्ते तिच्या आवाक्याबाहेर होते. सुमारे ३० मी. (१०० फूट) लांबीचे १६ मिमी. रीळ सेकंदाला १६ चित्रे या गतीने जेमतेम चार मिनिटांत संपे. त्यामुळे दृश्ये तुटक असतात व त्यांना ध्वनीची जोड नसते. तथापि अंधाऱ्या, थंड जागी ठेवलेल्या कोडॅक्रोमचे रंग दीर्घकाळ टिकतात. म्हणूनच कृष्णधवल वृत्तपटांतून परिचित असलेला तो काळ या चित्रणांत अनपेक्षितपणे जवळचा वाटतो.

मुंबईतील परिस्थिती : मुंबईत चलच्चित्रणाची परंपरा जुनी आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ मध्ये कुस्तीचे व १९०१ मध्ये रँग्लर र. पु. परांजपे यांच्या स्वागताचे चित्रण केले होते. युद्धकाळात मात्र खाजगी कॅमेरा मुख्यतः यूरोपीय अधिकारी, कंपन्यांचे प्रतिनिधी, संस्थानिक व मोजकी धनिक भारतीय घराणी यांच्याकडेच असे. भारत संरक्षण नियमांन्वये लष्करी महत्त्वाच्या स्थळांच्या चित्रणावर निर्बंध होते. १९४२ पासून कच्च्या फिल्मच्या टंचाईमुळे व्यावसायिक चित्रपटांच्या लांबीवरही मर्यादा आली. भारतातील ब्रिटिश कुटुंबांची अशी चित्रणे केंब्रिज विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई अभ्यास केंद्रात जतन केलेली आहेत. त्यांत घरगुती समारंभ, प्रवास, शिकार इ. विषय विपुल आहेत.

या निर्बंधांची कसोटी १४ एप्रिल १९४४ रोजी लागली. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके, कराचीत भरलेला कापूस, तेल, लाकूड व सोन्याच्या विटा असा माल होता. दुपारी लागलेली आग आटोक्यात आली नाही आणि चार वाजल्यानंतर जहाजावर दोन प्रचंड स्फोट झाले. कापसाचे जळते गठ्ठे दूरवर फेकले गेले व गोदीलगतच्या वस्तीत आगी लागल्या. मृतांची संख्या ८०० ते १,३०० च्या दरम्यान सांगितली जाते. अग्निशामक दलाचे ६६ जवान कामी आले व सुमारे ८०,००० लोक बेघर झाले. सुधीश घटक यांनी या दुर्घटनेचे चलच्चित्रण केले. लष्करी अधिकाऱ्यांनी ते ताब्यात घेतले व त्यातील काही भागच पुढे वृत्तपटांतून लोकांसमोर आला. घटक हे व्यावसायिक छायालेखक होते. जेथे त्यांचीही फिल्म सुटली नाही, तेथे हौशी व्यक्तीच्या कॅमेऱ्याला कितपत वाव होता, याची कल्पना येते.

खानदेश : त्या काळी जळगाव व धुळे ही अनुक्रमे पूर्व व पश्चिम खानदेश जिल्ह्यांची मुख्य ठिकाणे होती. येथील कापूस भुसावळ–मुंबई लोहमार्गाने मुंबईच्या बाजारात जाई. त्यामुळे बंदरातील तेजीमंदी येथील शेतकऱ्याच्या घरापर्यंत पोहोचत असे. ज्या दिवशी गोदी पेटली, त्याच १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सुमारे साडेपाच लाख रुपयांचा सरकारी खजिना शिंदखेडा तालुक्यातील चिमठाणे गावाजवळ भूमिगत क्रांतिकारकांनी लुटला. साताऱ्याच्या प्रतिसरकारातील जी. डी. लाड प्रभृती कार्यकर्त्यांचा त्यात पुढाकार होता. तत्पूर्वी ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबार येथे पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता व त्यांचे चार सहकारी हुतात्मा झाले होते. अशा घटनांचा इतिहास शासकीय कागदपत्रे, न्यायालयीन नोंदी, सहभागी व्यक्तींच्या आठवणी व गावोगावची स्मारके यांवर आधारावा लागतो. कॅमेरा, फिल्म व परवाना ज्यांच्या हाती होता, त्यांच्या दृष्टीस पडले तेवढेच रंगांत उरले. त्या चौकटीबाहेरील युद्धकाळ कमी घटनापूर्ण होता, असे मात्र नव्हे.

मूल्यमापन व जतन : हौशी चित्रण वापरताना डब्यावरील नोंद, फिल्मच्या कडेवरील निर्मितिचिन्हे, सावल्यांची दिशा, जहाजांची रंगसंगती व गणवेश यांवरून काळ आणि स्थळ पडताळून घ्यावे लागते. चित्रणकर्ता कोण व तो कोठे उभा होता, हेही तितकेच महत्त्वाचे असते. गोदीतील हमालाचा चेहरा दिसतो, परंतु त्याचे नाव सहसा कोठेही नोंदलेले नसते. उष्ण व दमट हवेत ॲसिटेट फिल्म आंबट वास येऊन आक्रसते व अखेर निरुपयोगी होते. पुणे येथे १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे चित्रपटांच्या शास्त्रीय जतनाला आरंभ झाला. खाजगी घरांतील रिळे मात्र बहुधा वारसांच्या जागरूकतेवरच तग धरून राहतात. फिल्मइतकीच तिच्याविषयीची माहितीही वेळीच नोंदवून ठेवणे आवश्यक असते. कारण ओळख हरवलेले दृश्य केवळ प्रेक्षणीय उरते, पुरावा राहत नाही.