लाओत्सेचा ‘मार्ग’

अजिंठ्याच्या १६ व्या लेण्याच्या पायथ्याशी दोन दगडी हत्ती आहेत. आपल्या शहरापासून ते सुमारे १०० किलोमीटरांवर. आपणांपैकी बहुतेकांनी ते पाहिले असतील. सातव्या शतकात ह्यूएनत्संग हा चिनी यात्रेकरू दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रात आला. येथील पूर्वेकडच्या डोंगरातील एका विहाराचे वर्णन त्याने केले आहे, त्यात दारापाशी दोन्ही अंगांना असेच हत्ती आहेत. तो विहार अजिंठ्याचाच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. हा बौद्ध पंडित पुढे लाओत्से या चिनी ऋषीच्या ग्रंथापाशी कसा येऊन पोहोचला, ते आज आम्हांस सांगावयाचे आहे.

लाओत्से हा चौ राजांच्या दप्तरखान्यात होता, अशी परंपरा आहे. राज्य खालावले, तेव्हा तो पश्चिमेकडे निघाला. सीमेवरील अधिकाऱ्याने विनविले म्हणून त्याने सुमारे ५,००० अक्षरांचा ग्रंथ लिहून दिला आणि तो दिसेनासा झाला. बैलावर बसून निघालेला हा वृद्ध चिनी चित्रकारांनी शतकानुशतके रंगविला. असा कोणी एकच पुरुष होऊन गेला काय, याविषयी इतिहासकार साशंक आहेत. ग्रंथ मात्र प्राचीन खरा. १९९३ साली ग्वोदियान येथील थडग्यात इ. स. पू. ३०० च्या सुमाराच्या बांबूच्या पट्ट्या सापडल्या. त्यांवर त्यातील वचने आहेत.

पश्चिमेस गेलेल्या लाओत्सेनेच भारतात बुद्धधर्म शिकविला, असेही त्याचे काही अनुयायी म्हणू लागले. त्यात थांग सम्राट त्याला आपला पूर्वज मानीत. ६४५ साली ह्यूएनत्संग स्वदेशी परतला तो अशा दरबारात. कामरूपच्या भास्करवर्म्याला हा ग्रंथ हवा होता; म्हणून ६४७ साली त्याचे संस्कृत भाषांतर करण्याची राजाज्ञा झाली, आणि पहिल्याच शब्दावर वाद पेटला. ‘ताओ’ला संस्कृतात काय म्हणावे? ताओपंथी पंडित म्हणाले, ‘बोधि’. जुन्या चिनी बौद्धांनी बोधीसाठी ‘ताओ’ हाच शब्द वापरला होता ना! ह्यूएनत्संगाने ते मानले नाही. बुद्धधर्म नीट उमगला नव्हता, तेव्हाची ती उसनवारी होती, असे त्याचे उत्तर होते. बोधि म्हणजे जागृती. ताओ म्हणजे वाट. म्हणून शब्द ‘मार्ग’च हवा.

या आग्रहात स्वधर्माचा अभिमान नव्हता, असे आम्ही म्हणणार नाही. पण सम्राटाच्या पूर्वजाला बोधीचे आसन देऊन दरबाराची मर्जी संपादणे सोपे होते. ते त्याने केले नाही. आज ते भाषांतर उपलब्ध नाही.

आम्हांलाही परक्या ऋषीला ‘तिकडचे ज्ञानेश्वर’ आणि ताओला ‘आपलेच ब्रह्म’ म्हणून मोकळे होण्याची सवय आहे. त्यात आपुलकी असते. पण त्या पाहुण्याचे स्वतःचे बोलणे ऐकावयाचे राहून जाते. लाओत्से वाट म्हणाला. आधी ती वाटच ऐकावी. आपल्या घराशी ती मिळते की नाही, हे मागाहून पाहावे.