यादीवर सही कोणाची ?

लग्नाच्या बोलण्यांत पैशाचा विषय काढणें असभ्यपणाचें, असें आपल्याकडील शिष्ट कुटुंबांत मानितात. हा समज कितपत खरा आहे तें पाहावयाचें असेल, तर कोणत्याहि जुन्या घरांतील कागदांची पेटी उघडावी. आमच्या ठाण्याच्या घरांतील पेटींत आमच्या आजोबांच्या लग्नाची यादी अजून आहे. लांबट कागद, माथ्यावर श्रीकार, कोपऱ्यांना हळदकुंकवाचीं बोटें, आणि खालीं मोडींत एकामागून एक कलमें : हुंडा इतका, करणी इतकी, वराचा पोशाख, विहिणीचें लुगडें, वऱ्हाडाच्या जाण्यायेण्याचा खर्च कोणाकडे, मुलीच्या अंगावर दागिने कोणीं किती घालावे. सावकाराच्या खतांतहि क्वचित् आढळेल इतका काटेकोरपणा त्या कागदांत आहे. शेवटीं सह्या दोन, आणि त्या दोन बापांच्या. आमच्या आजीचें नांव त्यांत एकदांच आलें आहे, तेंहि 'चि. सौ. कां.' या उपपदांच्या आड.

हा कागद पुन्हा बाहेर काढण्याचें कारण घरांतलेंच होतें. डोंबिवलीस राहणाऱ्या आमच्या भाचीचें लग्न कल्याणच्या एका मुलाशीं ठरलें. दोघेंहि मिळवतीं, कर्ज काढून घर घ्यावयाचें तेंहि दोघांनीं मिळून. हप्त्यांपैकीं कोणीं किती भरावयाचे, लग्नापूर्वींची शिल्लक ज्याची त्याची राहावयाची कीं एकत्र व्हावयाची, ती आपल्या आईस दरमहा जी रक्कम देते ती पुढेंहि चालू राहील कीं नाहीं, हें सर्व आधींच लिहून ठेवावें, असा तिचा आग्रह होता. मुलाची ना नव्हती. पण दोन्ही घरच्या वडील मंडळींस तें अभद्र वाटलें. "मांडव घालण्यापूर्वींच काडीमोडाचे कागद ?" असें त्यांतील एक आजोबा म्हणाले. आम्ही इतिहासाचे अध्यापक आणि मुलीचे मामा. तेव्हां तिची समजूत घालण्याचें काम सर्वानुमतें आमच्याकडे आलें. समजूत घालावयाची तर कांहीं आधार हवा, म्हणून आम्हीं जुनीं पुस्तकें चाळलीं. आधार मिळाला, मात्र तो आम्हांस ज्या पक्षानें पाठविलें होतें त्याच्या उपयोगाचा नव्हता.

आमच्या या भागाच्या अर्वाचीन इतिहासांतील एक मोठें प्रकरणच मुळीं लग्नाच्या कराराचें आहे. ता. २३ जून १६६१ रोजीं इंग्लंड व पोर्तुगाल या राज्यांमध्यें तह झाला. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि ब्रागांझा घराण्यांतील राजकन्या कॅथरीन यांच्या विवाहाचा तो तह. वधूपक्षानें द्यावयाचें तें असें : वीस लाख क्रुझाडो रोख, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील टँजिअर शहर, व्यापाराच्या सवलती, आणि अकराव्या कलमान्वयें मुंबईचें बंदर व बेट. वरपक्षानें द्यावयाचें तें असें : राणीस हयातभर दरसाल तीस हजार पौंडांची नेमणूक, आणि आपला कॅथलिक धर्म पाळण्याची मोकळीक. श्रीकार व हळदकुंकू वगळलें, तर हा तह आणि आमच्या आजोबांची यादी यांत जातीचा भेद नाहीं. पुढें रुसवेहि झाले. रोख रकमेचा पुष्कळसा भाग साखरेच्या व हुंड्यांच्या रूपानें पुढें करण्यांत आला, तेव्हां वरपक्षाचीं तोंडें जशीं झालीं असतील, त्याची कल्पना आपल्या वाचकांस सहज करतां येईल.

पण खरा कलह लागला तो मुंबईवरून, आणि त्यांत ठाण्याचा संबंध आहे. तहांत बेट व बंदर 'त्याच्या सर्व हक्कांसह आणि जोडमुलुखासह' द्यावें, अशी भाषा होती. जोडमुलूख म्हणजे कोणता, हें कोणीं लिहिलें नव्हतें. सप्टेंबर १६६२ मध्यें इंग्रजांचें आरमार मुंबईसमोर येऊन उभें राहिलें, तेव्हां त्यांच्या अधिकाऱ्यांनीं मुंबईबरोबर साष्टी व ठाणेंहि मागितलें. पोर्तुगीज म्हणाले, दिलें तें एकच बेट. ठाणें तर नाहींच नाहीं, आणि तुमच्या अधिकारपत्रांत दोष असल्यामुळें तूर्त बेटहि नाहीं. मुंबईचा ताबा घ्यावयास आलेला सर अब्राहम शिपमन आपल्या शिपायांसह कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट पाहत राहिला. तेथील रोगट हवेंत १६६४ सालीं तो मेला, आणि त्याच्या बरोबरचे बहुतेक शिपाईहि मेले. अखेर त्याचा चिटणीस हंफ्रे कुक यानें जानेवारी १६६५ मध्यें पोर्तुगीजांच्या अटी मान्य केल्या, केवळ मुंबई बेटावर समाधान मानलें, आणि ता. १८ फेब्रुवारी रोजीं ताबा घेतला. लग्न लागून तेव्हां पावणेतीन वर्षें लोटलीं होतीं.

ठाणें मात्र पोर्तुगीजांकडेच राहिलें, आणि ही गोष्ट इंग्रजांस फार जाचली. देशावरचा माल कल्याणच्या बंदरांत उतरे व उल्हास नदीच्या खाडीनें ठाण्यावरून मुंबईस जाई. कल्याण १६५७ सालीं शिवाजी महाराजांनीं घेतलें होतें, मुंबई इंग्रजांकडे, आणि मध्यें ठाण्यास पोर्तुगीजांचा जकातनाका. मुंबईच्या होड्यांवर ते जकात घेत. इंग्रज म्हणत, हा जोडमुलूख लग्नांत आम्हांस मिळालेला आहे. पोर्तुगीज म्हणत, यादी पुन्हा वाचा. १७३७ सालीं मराठ्यांनीं ठाणें व साष्टी घेतली, तेव्हां वाद घालणाऱ्यांपैकीं एक पक्षच नाहींसा झाला. पुढें डिसेंबर १७७४ मध्यें इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. अर्थात् १७७४ सालीं ते आले ते अकराव्या कलमाच्या बळावर नव्हेत, तोफांच्या बळावर. तथापि एका मोघम शब्दानें किती माणसें खर्चीं पडलीं व किती वर्षें तंटा चालला, हें पाहिलें म्हणजे स्पष्ट लिहिण्यानें प्रेम आटतें असें म्हणणाऱ्यांस आम्ही अंजदीवचीं थडगीं दाखवूं.

या प्रकरणांत ज्या बाईचें लग्न होतें तिचें काय झालें ? मुंबई कॅथरीनच्या मालकीची एक दिवसहि नव्हती. तहाप्रमाणें बेट मिळालें तें चार्ल्सला व त्याच्या वारसांस. त्यानें १६६८ सालीं तें वार्षिक दहा पौंड खंडानें ईस्ट इंडिया कंपनीस देऊन टाकलें. पत्नीची संमति विचारण्याचें कारणच नव्हतें. तिच्या स्वतःच्या वाट्यास आली ती एवढी नेमणूक, कारण तेवढेंच तिच्या नांवें लिहिलेलें होतें. याच्याशेजारीं दुसऱ्या एका बाईचें उदाहरण ठेवण्याजोगें आहे. ज्या दिवशीं बेट इंग्रजांच्या हवालीं झालें त्या दिवशीं तो विधि दोना इग्नेझ द मिरांदा नांवाच्या विधवेच्या वाड्यांत झाला. त्या वेळीं बेटाची जहागिरी तिच्याकडे होती, आणि तिच्या मिळकतीस धक्का लागूं नये असें कलम हस्तांतराच्या करारांत होतें. राज्य बदललें तरी तिची वाडी तिचीच राहिली. कॅथरीन ही ज्या यादींतील एक बाब होती, तसल्या यादींत इग्नेझ ही स्वतः एक पक्ष होती.

ठाण्याहून पोर्तुगीज १७३७ सालीं गेले. गोव्यांत ते राहिले, आणि तेथें त्यांनीं १८६७ ची आपली दिवाणी संहिता १८७० पासून लागू केली. त्या संहितेची योजना आपल्या लोकांस नीट ठाऊक नाहीं, म्हणून थोडक्यांत सांगतों. लग्नापूर्वीं वधूवरांनीं नोटरीसमोर लेख करून आपल्या मालमत्तेची व्यवस्था स्वतः ठरवावी : सर्व मालमत्ता एकत्र, किंवा लग्नानंतर मिळविलेली तेवढी एकत्र, किंवा सर्वस्वीं वेगळी, किंवा स्त्रीधनाची विशेष तरतूद. कांहींच न लिहिल्यास सर्व मालमत्ता दोघांची निम्मीनिम्मी समजावयाची. एकदां केलेला करार लग्नानंतर फिरवतां येत नसे, आणि स्थावर विकावयाचें तर दुसऱ्याची संमति लागे. हिंदु, ख्रिस्ती, मुसलमान या सर्वांस हीच व्यवस्था. १९६१ च्या गोवामुक्तीनंतरहि १९६२ च्या कायद्यानें ती चालू राहिली. त्या संहितेनें एकत्र मालमत्तेचा कारभार पतीच्याच हातीं ठेवला होता, हा तिचा दोष लपविण्याचें कारण नाहीं. परंतु लेखावर सही कोणाची, या प्रश्नाचें उत्तर तिनें बरोबर दिलें होतें.

इकडे इंग्रजी अमलांत न्यायालयांस असले करार रुचत नसत. या बाबतींत कलकत्त्याचे दोन निकाल प्रसिद्ध आहेत. एकांत नवऱ्यानें लग्नापूर्वीं लिहून दिलें होतें कीं, पत्नीस आपण माहेराहून कधींहि नेणार नाहीं. १९०१ सालीं न्यायालयानें तें लोकनीतीस विरुद्ध म्हणून रद्द ठरविलें. दुसरा निकाल १९०० चा, आणि आम्हांस तो अधिक बोधप्रद वाटतो. सतत भांडणें होत म्हणून एका नवऱ्यानें पत्नीस वेगळें राहण्यासाठीं खर्च देण्याचा रीतसर नोंदलेला लेख करून दिला. मोबदल्यावांचूनचा करार जवळच्या नात्यांत केवळ स्वाभाविक प्रेमापोटीं केला असेल तरच टिकतो, असें कायद्याचें कलम आहे. न्यायालय म्हणालें, या दोघांत भांडणें आहेत, अर्थात् प्रेम नाहीं. सबब करारहि नाहीं. भांडण नसतें तर त्या बाईस लेखाची गरज पडली नसती, आणि भांडण होतें म्हणून तो लेख टिकला नाहीं ! हिंदूंच्या लग्नापूर्वींच्या करारास उघड मान्यता देणारा कायदा गोवा, दमण व दीव यांबाहेर आजहि नाहीं. मुसलमान समाजांत मात्र मेहेरची रक्कम निकाहनाम्यांत लिहिली जाते व ती वधूची असते. कल्याण-भिवंडीकडील आमच्या शेजाऱ्यांच्या घरीं ही गोष्ट मुलामुलींसहि ठाऊक असते, आणि तीमुळें त्यांच्या लग्नांतील मंगलपणा कमी झाल्याचें आम्हीं पाहिलें नाहीं.

आतां एक गोष्ट सांगणें भाग आहे. भाचीची आई ही आमची धाकटी बहीण. तिचें लग्न १९९५ सालीं झालें. वडील आधींच वारले होते, म्हणून तिच्या यादीवर सही आम्हीं केली. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. त्यामुळें यादींत हुंडा हा शब्द नव्हता, त्याच्या जागीं 'मुलीच्या हौसेनें' असे शब्द होते. तीत बारा तोळे सोन्याचा उल्लेख आहे; तें सोनें कोणाचें, याचा नाहीं. पुढें तिच्या यजमानांच्या धंद्यांत खोट आली तेव्हां तें सोनें मोडलें गेलें, आणि त्यांच्या पश्चात् तिनें विचारलें तेव्हां सासरच्यांनीं सांगितलें कीं, तें घराचें होतें, घराला लागलें. यादी आमच्याच पेटींत होती. ती काढून वाचली, आणि तिच्यांत बहिणीस देण्याजोगें एक अक्षर सांपडलें नाहीं.

वस्तुतः १९८५ सालींच केंद्र सरकारनें नियम केले होते कीं, लग्नांत वधूस मिळालेल्या भेटींची यादी वधूनें व वरास मिळालेल्यांची वरानें ठेवावी; तींत वस्तु, अंदाजी किंमत, देणाऱ्याचें नांव व नातें लिहावें; आणि प्रत्येक यादीवर वधू व वर या दोघांच्या सह्या असाव्या. वधूस सही येत नसेल, तर तिला यादी वाचून दाखवून अंगठा घ्यावा. स्त्रीधन हें सर्वस्वीं पत्नीचें असून पतीच्या हातीं तें केवळ विश्वासानें ठेवलेलें असतें, असा निर्णयहि सर्वोच्च न्यायालयानें त्याच वर्षीं दिला. आम्हीं सही केली तेव्हां ते नियम दहा वर्षांचे जुने झाले होते. आमची बहीण पदवीधर होती, शेजारच्या खोलींत बसली होती, आणि तिला हांक मारावी असें आम्हांस सुचलें नाहीं.

म्हणून समजूत घालावयास गेलेल्या आम्हीं वडील मंडळींपुढें आजोबांची यादी ठेवली. अक्षर मोडी असल्यामुळें आम्हींच ती मोठ्यानें वाचली. काडीमोडाची गोष्ट काढणारे आजोबा ऐकून म्हणाले, "आमच्याहि घरांत अशी असेल." मग भाचीनें विचारलें, "मामा, यांत आजीनें काय मागितलं होतं ?" त्यावर कोणीच बोललें नाहीं.

दोघांनीं मिळून दोन पानें लिहिलीं. त्यांतील सर्व कलमें उद्यां न्यायालयांत टिकतीलच असें नाहीं, हें त्यांच्या वकिलानें त्यांस स्वच्छ सांगितलें. म्हणून जें टिकेल तें त्यांनीं निराळें करून घेतलें. घराच्या खरेदीखतांत दोघांचीं नांवें व हिस्से घातले, आणि भेटींच्या याद्या नियमाप्रमाणें लिहिल्या. बाकीचीं कलमें केवळ एकमेकांच्या शब्दावर राहिलीं. पण तो शब्द कोणता, हें आतां दोघांसहि ठाऊक आहे. आमच्या बहिणीनें कागदाच्या कोपऱ्यांस हळदकुंकू लावलें. खालीं वधूवरांच्या सह्या झाल्या, आणि साक्षीदार म्हणून आम्हीं सही केली.