पडद्यावरचं सरकार

 १९४३ साली इंग्रज सरकारने युद्धप्रचारासाठी ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’ काढली आणि तिचे माहितीपट दाखवणं थिएटरवाल्यांवर सक्तीचं केलं. १९४६ मध्ये ती बंद पडली. म्हणून १५ ऑगस्ट १९४७ चित्रित करायला सरकारपाशी स्वतःचं पथकच नव्हतं. ही चुटपुट मला अजून लागते. १९४८ मध्ये सरकारची फिल्म्स डिव्हिजन आली. सक्ती मात्र इंग्रजांचीच राहिली, आणि भाडंही थिएटरवाल्याने भरायचं.

आमच्या नाते गावात थिएटर कुठलं! प्रचाराची गाडी यायची. शाळेच्या पटांगणात दोन बांबूंना पडदा, जनरेटरची घरघर. भातावरची कीड, देवीची लस, मग कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण. तो लागला की बाया पदर तोंडाला लावत, पण उठत नसत. आजी तर पडद्यावरच्या डॉक्टरीणबाईंना मोठ्याने उत्तरं द्यायची.

असा प्रचार मला पूर्ण निरुपद्रवी वाटत नाही. तरी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातली जुनी रिळं जपलीच पाहिजेत. त्यांत सरकारचं म्हणणं आहे, आणि त्यामागे उभी असलेली खरी माणसं, बैल, नांगरही आहेत.